ग्रीन गेटबाहेरचा नंबर

पहाटे ४:४०

शिवडी. सीएनजी पंपावर दहा-बारा टॅक्स्या पुढे उभ्या आहेत. काकांनी इंजिन बंद केलंय. रांग सरकली की ते दार उघडं ठेवून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी ढकलतात. चार हात पुढे, मग हँडब्रेक. सारखं चालू-बंद केलं तर गॅस जळतो. पहाटेच्या रांगेत सगळेच असे ढकलत असतात, कुणी कुणाला हॉर्न देत नाही.

काका मूळचे जुन्नर तालुक्यातले, वय एकसष्ट. टॅक्सीवर बसले तेव्हा हातात प्रीमियर पद्मिनी होती, गिअर स्टिअरिंगच्या बाजूला. शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली आणि टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेत २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. काकांची त्याआधीच गेली होती. आता वॅगन-आर आहे. गाडी स्वतःची आणि परमिटही स्वतःच्या नावावर, म्हणून अंगावर पांढरा शर्ट. दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याला खाकी घालावा लागतो. बॅज खिशाला लावलेला.

नंबर आला. गाडीतून सगळ्यांनी खाली उतरायचं, हा पंपाचा नियम. नळी लागते, आकडे पळतात. ७.२ किलो बसला, ५८० रुपये.

“पहाटे प्रेशर असतं,” काका म्हणतात. “दुपारी तासभर उभं राहून सहा किलोसुद्धा बसत नाही. वर धंद्याचा तास गेला तो वेगळाच.”

पहाटे ५:२०

चाळीच्या नळावर गाडी धुतात. एक बादली, दोन फडकी. ओलं बाहेरून, कोरडं काचांना. मागच्या सीटचं कव्हर काल रात्री काढून झटकलंय. पायाखालचे रबरी मॅट उलटे करून आपटतात. डॅशबोर्डवर गणपती आहे. उदबत्ती मात्र आज नाही.

“बोटीच्या दिवशी लावत नाही. एकदा एका बाईला इतकं शिंकायला झालं, की मलाच कसंतरी झालं.”

दाराच्या कप्प्यात पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या जातात, वीस-वीस रुपयांच्या. ग्लोव्ह बॉक्समधून ते एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढून मला दाखवतात. त्यावर फोटो आहेत: गेटवे, व्हीटी, मणिभवन, धोबीघाट, हँगिंग गार्डन. फोटोखाली काही लिहिलेलं नाही. बोट ठेवायचं, आणि समोरच्याने मान हलवायची. कोपरे झिजलेत, एका कडेने लॅमिनेशन सुटलंय.

पहाटे ५:५०

पी. डिमेलो रोड. डाव्या हाताला बंदराची भिंत सोबतीला असते. बंदराच्या दारांना रंगांची नावं आहेत. ऑरेंज गेट येतं, तिथे मरीन ड्राइव्हला जाणाऱ्या बोगद्याचं काम चाललंय आणि पत्रे लावून रस्ता अर्धा केलाय. मग यलो गेट, रेड गेट. ट्रकवाले चुली विझवून चाकं ठोकून बघतायत. शेवटी बॅलार्ड इस्टेटच्या टोकाला ग्रीन गेट.

सकाळी ६:१५

गेटबाहेर टॅक्स्या आधीच लागल्यात. जौनपूरकडचा एक ड्रायव्हर शाळेच्या वहीत नंबर लिहून घेतोय. कुणी नेमलेलं नाही त्याला, पण त्याची वही सगळे मानतात. वही धरणाऱ्याच्या चहाला प्रत्येकाने वीस रुपये द्यायचे.

“मामा, आठवाँ.”

काकांना इथे सगळे मामा म्हणतात.

बोट कधी लागणार हे यांना आठवडाभर आधी कळतं. बंदरात कामाला असलेला कुणी सांगतो, मग ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा परदेशी बोटींचा मोसम. पावसाळ्यात हा नाका ओस असतो. आजची बोट पहाटेच लागली. भिंतीवरून तिचे वरचे मजले दिसतायत, पांढरे, गॅलरीतले दिवे अजून चालू.

आता वाट बघायची. आठवा नंबर म्हणजे वाईट नाही. पण पहिला सोडला तर नंबराला तसा अर्थ थोडाच. गिऱ्हाईक बाहेर आलं की ते कुणाकडे बघेल त्याचं.

सकाळी ७:३०

चहा दहा रुपये, वडापाव वीस. काका बॉनेटला टेकून खातात, तेलाचा हात कागदाला पुसतात, मग पुन्हा फडक्याला. पांढऱ्या शर्टावर डाग पडला तर दिवस गेला.

या धक्क्यावर उतरणाऱ्याला टॅक्सी शोधायची गरज नव्हती, असाही काळ होता. बॅलार्ड पियर मोल नावाचं रेल्वे स्टेशन धक्क्यालाच लागून होतं. १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली, तेव्हा विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरून थेट गाडीत बसायचा आणि पेशावरच्या वाटेला लागायचा. मुंबई त्याला खिडकीतूनच दिसायची. आता स्टेशन नाही. २०२५ मध्ये नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. आत मोठी दालनं आहेत, इमिग्रेशनच्या खिडक्यांच्या रांगा आहेत. पण टर्मिनल बंदराच्या भिंतीच्या आत आणि काळी-पिवळी भिंतीच्या बाहेर. मधलं अंतर फार नाही. सगळा सौदा मात्र त्या अंतरावर अवलंबून आहे.

सकाळी ८:२५

गेट उघडतं. आधी बसेस. मोठ्या, एसी, काळ्या काचांच्या, पुढच्या काचेवर आकडा लावलेला: १, २, ३. प्रत्येकीत दारापाशी हातात माइक घेतलेला गाइड. ही बोटीवरच पैसे भरून घेतलेली सहल. ड्रायव्हर बाजूला होऊन वाट देतात, कुणी हात करत नाही.

“त्या आपल्या नाहीत,” काका म्हणतात.

बसेस निघून जाईपर्यंत वीस मिनिटं जातात. डिझेलचा वास मागे राहतो.

सकाळी ९:०५

आता आपले येतात. दोघं-दोघं, चौघं-चौघं. टोप्या, छातीवर पुढे अडकवलेल्या बॅगा, हातात पासपोर्ट आणि शिक्का मारलेला कागद. गेटवर सीआयएसएफचा जवान एकेक कागद बघतो. तो बघेपर्यंत ते आत असतात. जवानाने मान हलवली की पुढच्या पावलाला ते बाहेर, आणि बाहेर पंचवीस-तीस माणसं एकदम बोलायला लागतात. टॅक्सी मॅडम, सिटी टूर, धोबीघाट, स्लम टूर, टेन डॉलर, फाइव्ह डॉलर. हातातली लॅमिनेटेड कार्डं नाकापर्यंत येतात. काहीजण तिथूनच मागे फिरतात. त्यांना दोष देता येत नाही.

एक जोडपं कडेला होऊन फोनवर अ‍ॅपची गाडी बोलवायला बघतंय. रोमिंग लागत नाही. लागलं तरी अ‍ॅपवाला गेटच्या कुठल्या बाजूला येणार हे ठरत नाही, आणि बंदरात त्याला प्रवेश नाही. दहा मिनिटांनी ते फोन खिशात ठेवतात.

काका पुढे घुसत नाहीत. गाडीपाशी उभे राहतात, हात मागे.

“रेटारेटीत आलेलं गिऱ्हाईक घाबरलेलं असतं. दिवसभर घाबरलेलंच राहतं. तासातासाला विचारतं, कुठे चाललो.”

पाठीवर पिशव्या घेतलेली एक तरुण जोडी काकांपाशी येते. गेटवे, किती? काका त्यांच्याकडे बघतात, बुटांकडे बघतात. मग हाताने दाखवतात. “वॉक. शहीद भगतसिंग रोड. स्ट्रेट. टाउन हॉल, लायन गेट, रीगल. हाफ अवर.” रेल्वे विचारतात. त्याच हाताने व्हीटीची दिशा दाखवतात. पंधरा मिनिटं चालत. तिथून लोकलचं तिकीट पाच रुपयांपासून, भुयारी मेट्रोचं दहापासून. जोडी दोन-दोनदा थँक्यू म्हणत जाते. शेजारचा ड्रायव्हर चिडतो. तीनशे रुपये सोडलेस, म्हणतो.

“ती माणसं बसलीच नसती,” काका मला सांगतात. “आणि तीनशेला बसवली असती, तर परत येताना मीटरवाला पन्नास घेऊन गेला असता. मग मी चोर.”

मीटरचं गणित असं आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. पुढे किलोमीटरला २०.६६. ग्रीन गेट ते गेटवे अडीच किलोमीटर धरलं तर बावन्न रुपये होतात. सहा वाजल्यापासून नंबर लावलेला माणूस बावन्न रुपयांसाठी नंबर सोडत नाही. नियमाने सोडायला हवा, भाडं नाकारता येत नाही. पण तीन तास उभं राहण्याचा आकडा मीटरवर कुठे उमटत नाही. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात.

सकाळी ९:३०

ऑस्ट्रेलियातले नवरा-बायको. दोघंही सत्तरीच्या पुढे. बाईंच्या हातात काठी. बोटीवरची सहल दोघांना मिळून दोनशे डॉलरच्या वर जात होती, म्हणून घेतली नाही, असं त्या सरळ सांगतात.

काका आधी पैसे बोलत नाहीत. विचारतात, “शिप टाइम?”

बाई पर्समधून बोटीवर मिळालेला कागद काढतात. साडेचारच्या आत सगळ्यांनी बोटीवर हजर. काका कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचतात. मग आपल्या घड्याळावर बोट ठेवतात. “हिअर, थ्री ओ’क्लॉक. नॉट फोर. थ्री.”

एवढ्या एका वाक्याने अर्धा सौदा होऊन जातो, हे मी समोर बघितलं. बोटीने काढलेल्या सहलीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर बोट थांबते. स्वतःच्या हिमतीवर गेलेला अडकला तर थांबत नाही. त्याने पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. या दोघांना रात्रभर तेवढीच भीती होती.

आता पैसे. काका तीन हजार म्हणतात. पाच तास, एसी चालू, गाडी दिवसभर त्यांची. बाई अडीच म्हणतात. २,८०० वर ठरतं. काका वहीचं पान फाडून लिहितात: २८००, ३ वाजता, गाडीचा नंबर. बाई नंबर प्लेटचा फोटो काढतात आणि कुणाला तरी पाठवायचा प्रयत्न करतात. काकांना त्याचं वाईट वाटत नाही.

“एलिफंटा?” नवरा विचारतो. काका मान हलवतात. लाँचला जायला तास, यायला तास, वर एकशेवीस पायऱ्या. ते बाईंच्या काठीकडे बघतात आणि नाही म्हणतात. बाजूचा एकजण ओरडतो, एलिफंटा पॉसिबल! काका दार उघडून धरतात.

मी पुढच्या सीटवर बसतो. त्यांची परवानगी घेतली आहे.

सकाळी ९:५०

व्हीटी. १८८८ च्या सुमाराला पूर्ण झालेली इमारत, स्टीव्हन्सने उभी केलेली, २००४ पासून जागतिक वारसा. फोटो काढायची चांगली जागा महापालिकेच्या बाजूला आहे, पण तिथे गाडी थांबवली की पाचशेचं ई-चलान मोबाइलवर येतं. काका चालत्या ट्रॅफिकमधून दोघांना उतरवतात, “फाइव्ह मिनिट”, आणि स्वतः चक्कर मारतात. क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जाऊन वळसा, पुन्हा समोर. बाई काठी टेकत धावल्यासारख्या येऊन बसतात. हसतायत.

गिअर, क्लच, ब्रेक. मोजायला गेलो, पण एका सिग्नलमध्येच नाद सोडला. काकांचा डावा गुडघा संध्याकाळी सुजतो. घरी बामाची बाटली महिन्याला एक लागते.

सकाळी १०:३०

मरीन ड्राइव्हवरून गावदेवी. लॅबर्नम रोडवर मणिभवन. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे राहायचे. रस्ता झाडांचा, सावलीचा, शांत. काकांच्या यादीत हे ठिकाण वर असण्याचं कारण साधं आहे: गाडी सावलीत उभी राहते, एसी बंद करता येतो, आणि गिऱ्हाईक पाऊण तास आत रमतं.

काका मागची सीट पुसतात. बाटलीच्या झाकणाचा तुकडा उचलतात. मग चप्पल काढून पाय दाराबाहेर सोडतात.

“हे दोघं दुकानात येणार नाहीत,” ते म्हणतात. “सकाळीच विचारलं मी. कार्पेट, सिल्क? नो शॉपिंग म्हणाले. विषय संपला.”

दुकानात नेलं तर?

“नुसतं आत नेलं तरी दुकानवाला शंभर-दोनशे देतो. माल घेतला तर टक्केवारी. काही ड्रायव्हर त्याच्यावरच जगतात, गाडी पाचशेला देतात आणि चार दुकानं फिरवतात. गिऱ्हाईक गेटवे पाच मिनिटं बघतं आणि गालिचे दोन तास.”

तुम्ही?

“हो म्हणाले तर नेतो. खोटं कशाला बोलू? नाही म्हणाले की नाही.”

पाऊण तासाचा सव्वा तास होतो. काका घड्याळ बघतात, हाक मारत नाहीत. मनातल्या मनात हँगिंग गार्डन छोटं करतात.

सकाळी ११:५५

हँगिंग गार्डन. दहा मिनिटं. एक चक्कर, चौपाटीकडे बघून एक फोटो, खाली.

दुपारी १२:२०

महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट. खाली दगडी हौदांच्या रांगा, दोऱ्यांवर चादरी, एका ओळीत सगळ्या निळ्या, एका ओळीत सगळ्या हॉस्पिटलच्या हिरव्या. पायात रबरी बूट घातलेला एक माणूस कंबरेपर्यंत हौदात उभा राहून कपडा दगडावर आपटतोय. पुलावर पोरं उभी असतात, आत नेऊन दाखवतो म्हणतात, दोनशे रुपये. काका खिडकीतूनच मान हलवतात. वरून बघा. आत पाय घसरतो, काठीवाल्या माणसाचं काम नाही.

नवरा बराच वेळ रेलिंगला टेकून उभा राहतो. मग येऊन विचारतो, या माणसाला दिवसाला काय मिळतं? काका म्हणतात, मेबी लाइक मी. आणि थोडं थांबून, सम डे मोर.

दुपारी १:०५

काळा घोड्याजवळ त्यांना जेवायला एका स्वच्छ हॉटेलात सोडलं. पाऊण तास सांगितला. काका गाडी स्टँडला लावतात. टॅक्सी स्टँडवर पैसे पडत नाहीत, फक्त जागा मिळायला हवी. डबा उघडतात. ज्वारीच्या दोन भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, कांदा. मला अर्धी भाकरी देतात, नाही म्हणू देत नाहीत. पाणी घरच्या बाटलीतलं. दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या पाहुण्यांच्या.

गाडीच्या हप्त्याचा विषय निघतो. महिन्याला ९,६०० रुपये, अजून दोन वर्षं. म्हणजे रोजचे ३२०, गाडी चालो न चालो. इन्शुरन्स वेगळा, पासिंग वेगळं. टायर आता बदलायला हवेत. पुढचे दोन मोसमावर सोडलेत, मोसम बरा गेला तर मार्चमध्ये.

दुपारी १:५५

गेटवे. १९२४ मध्ये पुरी झालेली, पिवळट बेसॉल्टची कमान. काढली जॉर्ज विटेटने, ज्याने बॅलार्ड इस्टेटही आखलं. गाडी आत जात नाही. अडथळे, तपासणी, मग चालत. काका रीगलसमोर उतरवतात. हाताची पाच बोटं सहा वेळा उघडून-मिटून अर्धा तास दाखवतात. मग गाडी, मग जमीन: इथेच. “सेम प्लेस. सेम टॅक्सी.” बाई कागदावरचा गाडीचा नंबर वर करून दाखवतात.

दुपारी २:२५

आले नाहीत.

दुपारी २:३५

अजून नाहीत. काका गाडीबाहेर उभे आहेत. पोलीस दोनदा शिट्टी मारून गेला. फोनचा उपयोग नाही, त्यांच्याकडे इथलं सिम नाही. रीगलच्या सिग्नलला रांग म्युझियमपर्यंत गेलीय. इथून ग्रीन गेट अडीच किलोमीटर. सकाळी दहा मिनिटांचा रस्ता, आत्ता पंचवीसचा. तिथून पुढे बंदराची तपासणी, टर्मिनल, पुन्हा तपासणी. काका हे सगळं बोटांवर धरतायत.

“म्हणून तीन सांगतो. चार सांगितले असते तर आत्ता माझे हात कापत असते.”

पैसे अजून घेतलेले नाहीत. ते शेवटी घ्यायचे असतात. ही माणसं दुसऱ्या टॅक्सीत बसून गेली, तर सकाळपासूनचं सगळं गेलं. हे काका बोलत नाहीत. मी विचारतो, तेव्हा म्हणतात, “तसं कुणी करत नाही. पण बोट चुकली तर ते रडतील. ते मला नको.”

दुपारी २:४०

मला गाडीपाशी उभं करून काका निघतात. गाडी सोडता येत नाही, टोइंगवाला उचलून नेतो. मी ड्रायव्हरच्या दारापाशी उभा. पोलीस येतो, मी काय सांगतो ते ऐकतो, आणि पाच मिनिटं म्हणून जातो.

अकरा मिनिटांनी तिघं येतात. काकांच्या शर्टाच्या पाठीला घाम. बाईंचा एक हात काठीवर, दुसरा काकांच्या दंडावर. गेटवेवरच्या एका फोटोवाल्याने दोघांचे फोटो काढले होते. त्याचा छोटा प्रिंटर अडकला आणि पैसे आधीच दिलेले, म्हणून ते थांबले. काकांनी फोटोवाल्याला मराठीत चार शब्द सांगितले आणि तीनऐवजी दोन फोटोंचे पैसे ठरवून त्यांना सोडवून आणलं.

गाडीत बसल्यावर बाई तीनदा सॉरी म्हणतात. काका आरशात बघून, “नो प्रॉब्लेम. शिप इज देअर.”

दुपारी ३:१५

ग्रीन गेट. शहीद भगतसिंग रोड सोडून काकांनी आतल्या गल्ल्यांतून काढलं. फोर्टातल्या या गल्ल्यांत दुपारी ट्रक रिकामे होत असतात. एका ठिकाणी हमालाची हातगाडी आडवी होती, काकांनी उतरून तिला हात लावला.

नवरा पाचशेच्या नोटा मोजतो. सहा नोटा, तीन हजार. दोनशे परत घ्यायला नाही म्हणतो. बाई पर्स उघडून आणखी तीनशे काढतात, इथले पैसे आता आम्हाला काय करायचेत, म्हणतात. काका दोन्ही हातांनी घेतात. मग दाराच्या कप्प्यातली न उघडलेली बाटली त्यांच्या हातात देतात. फाटक्या पानावर नवरा काकांचं नाव लिहून घेतो. बोटीवर आणखी कुणी पुढच्या वेळी येणार असेल तर सांगीन, म्हणतो.

जवान कागद बघतो. दोघं आत जातात.

दुपारी ३:३०

पुन्हा नंबर लावण्यात अर्थ नाही. पण गेटबाहेर फुटपाथवर एक बाई आणि एक मुलगी सकाळपासून बसून आहेत, कापडी पिशवी मांडीवर. वसईहून आल्यात. मुलगा बोटीवर किचनमध्ये आहे, सहा महिन्यांचा करार. सुटी दुपारनंतर मिळाली, ती पण थोड्याच वेळाची. तो आत्ता बाहेर येतो. आईने पिशवीत काय काय आणलंय ते फुटपाथवरच दाखवायला सुरुवात करते: सुकवलेले बोंबील, लोणचं, भाजणी. बोंबील आत नेऊ देतील का, याची चर्चा होते. नेऊ देणार नाहीत. ते परत पिशवीत.

मुलगा काकांना म्हणतो, “काका, चर्चगेटला आईला सोडून परत यायचं. मीटरने याल ना?”

काका मीटर टाकतात.

मागे तिघं दाटीने बसतात. दहा मिनिटांच्या वाटेला वीस लागतात, आणि आज पहिल्यांदाच गाडीत कुणाला ट्रॅफिकचं वाईट वाटत नाही. चर्चगेटला मीटर ५८. काका मीटर बंद न करता थांबतात. बहीण गाडी पकडायला घाई करते, आई उतरत नाही, मग उतरते. परत ग्रीन गेट. वेटिंग धरून १३०. मुलगा दोनशेची नोट देऊन राहू द्या म्हणतो. काका सत्तर रुपये मोजून त्याच्या हातात ठेवतात.

“घरच्या पोराकडून काय जास्त घ्यायचे,” मला म्हणतात, आणि फडक्याने डॅशबोर्ड पुसायला लागतात.

संध्याकाळी ५:४०

बॅलार्ड इस्टेटची ऑफिसं सुटतात. आता एसी बंद, काचा खाली, साधा धंदा. एक मुंबई सेंट्रल, १२४ रुपये. तिथून लगेच दादर, १३४. वाटेत दोघांनी हात केला, अंधेरी म्हणाले. काका नाही म्हणाले. पाय बोलायला लागलाय.

रात्री ८:२०

चाळीच्या तोंडाशी गाडी लावून काका वही काढतात. सकाळी जिचं पान फाडलं तीच.

टूरचे २,८००. वरचे ५००. वसईचा मुलगा १३०. संध्याकाळचे २५८. बेरीज ३,६८८. गॅस ५८०, पाण्याच्या बाटल्या ४०, नंबरवाल्याला २०, चहा-वडापाव मिळून ६५. राहिले २,९८३. हप्त्याचे ३२० बाजूला काढले. २,६६३.

बोट नसलेल्या दिवशी सगळा धंदा चौदाशे-पंधराशेचा होतो. गॅस आणि हप्ता जाऊन सहाशे राहतात, कधी पाचशे. पुढची बोट शुक्रवारी आहे असं ग्रुपवर आलंय. त्याखाली कुणीतरी लिहिलंय की ती संध्याकाळी लागून रात्रीच सुटणार. तसं असेल तर त्या बोटीचा उपयोग नाही. काका उद्या कुणाला तरी विचारून खात्री करणार आहेत.

रात्री ८:४५

भाचा येतो. रात्रपाळी त्याची, रोजचे चारशे तो मामाला देतो. खाकी शर्ट, डोक्याला ओलं तेल. चावी घेतो, बसतो, सीट मागे सरकवतो, आणि आधी गॅसच्या दिव्यांकडे बघतो.

“मामा, दोनच लाइट आहेत.”

“एसी चालवला दिवसभर.”

“मग भरायला रांगेत मी उभा राहू?”

काका वहीतून दोनशे रुपये काढून त्याला देतात, आणि ६५ खाली २०० लिहून बेरीज पुन्हा करायला घेतात.